हातभर उजवीकडे

शेवटचा बोल्ट गंजून बसला होता. सुनेने पान्यावर अंगाचा भार टाकला, तसा तो करकरत सुटला आणि करवतीच्या टेबलाची पुढची रेल मोकळी झाली.

दारात उभे असलेले सासरे कळवळले. ती रेल त्यांनी तरुणपणी स्वतः बसवली होती. दुपारी मशीन बघायला गिऱ्हाईक येणार, आणि ही बया ते खोलून बसलेली.

गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरत होते. पात्याजवळ असे हात नेणं म्हणजे बोटांवर पाणी सोडणं. मुलाला भुशाने शिंका यायच्या. तो ऑफिसातच बरा होता. सून मात्र लग्न झाल्यापासून त्यांच्या हाताखाली घडलेली. तरी कारखाना एकट्या बाईला झेपायचा नाही, असं मनाशी ठरवून त्यांनी मशीन विकायला काढलं होतं. त्यातच एका शाळेने वाचनालयाच्या कपाटांचं काम विचारलं. फळ्या रुंद होत्या, मशीन तेवढं रुंद कापत नव्हतं. सासऱ्यांनी नकार कळवायला सांगितला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणाले.

"अंथरूणच थोडं ओढून बघते, बाबा," ती म्हणाली होती.

फळी ज्या गाईडला टेकवून कापतात, ते गाईड रेलवर सरकायचं. पात्यापासून ते जितकं लांब जाईल, तितकी रुंद फळी कापता येई. पण पात्याच्या डावीकडे रेलचा मोठा तुकडा नुसताच पडून होता. त्या बाजूला गाईड कधी कोणी नेलंच नव्हतं. तिने पुढची आणि मागची, दोन्ही रेल हातभर उजवीकडे सरकवल्या, नवी भोकं पाडली, बोल्ट आवळले. मापाची जुनी पट्टी आता खोटं बोलणार, म्हणून ती खरवडून काढली. मग पात्याच्या पुढच्या दातापासून आणि मागच्या दातापासून गाईडचं अंतर मोजलं. केसभर फरक निघाला. तिने गाईड सैल करून तळहाताने हलकेच ठोकलं. पुन्हा मोजलं. सासऱ्यांना सांगावंसं वाटलं होतं, ते तिने आधीच केलं होतं.

उजवीकडे टेबलाबाहेर येणाऱ्या फळीला तिने लाकडी घोडीचा आधार दिला, वायर जोडली आणि बटण दाबलं. गिऱ्हाईक आलं ते नेमकं तेव्हाच. रुंद फळी पात्यावरून एका दमात पुढे गेली. कुठे अडली नाही, कुठे जळाली नाही.

मशीन थांबल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, आत्ताच टेम्पो बोलावतो. असं मशीन सोडायचं नसतं.

सासऱ्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. टोकापासून टोकापर्यंत. मग मान वर केली.

"विकायचं की नाही, ते मी कोण सांगणार? मालकीणबाईंना विचारा."

गिऱ्हाईक घराच्या आतल्या दाराकडे वळलं, सासूबाई दिसतात का बघायला.

"तिकडे नाहीत," सासरे म्हणाले. "ह्या काय, तुमच्यासमोर केसातला भुसा झटकतायत."