दोरीचे दोन झटके

आम्ही दोघे भाऊ उंच इमारतींच्या काचा पुसतो. दोरीला मी लटकतो. गच्चीवर दादा गाठ बांधतो, तपासतो आणि खूण म्हणून दोरीला दोन झटके देतो. आईला कुणी सांभाळायचं यावरून आमचं चार दिवसांपूर्वी वाजलं, तेव्हापासून अबोला. आज झटके आले नाहीत. रुसला असेल समजून मीही ताठ्यात उतरलो. नवव्या मजल्यावर दोरी किंचित सरकली. "माफ कर" म्हणायला जीभ रेटेना. कालच इंग्रजीच्या क्लासमध्ये सरांनी शिकवलेलं, 'बरी द हॅचेट': कुऱ्हाड पुरून टाका, म्हणजेच भांडण मिटवा. दादा शेजारच्याच बाकावर तोंड फिरवून बसलेला. मी वर ओरडलो, "दादा, बरी द हॅचेट!" कठड्यावरून पांढराफटक चेहरा डोकावला. दोन्ही हातांनी दोरी धरत तो ओरडला, "हलू नकोस! गाठ आज तपासलीच नाही रे."