लाल सोडून

"लाल सोडून कोणताबी दे," प्रेमदास म्हणाला.

ग्यानबा पेंटरनं रंगाच्या डब्यांची पाच झाकणं त्याच्या पुढ्यात मांडली होती. निळा, हिरवा, पिवळा, राखाडी आणि लाल. वारंगा फाट्यावरच्या त्या शेडमध्ये ट्रका अन् ट्रॉल्या रंगवण्यात ग्यानबाची हयात गेली होती. पण तीस वर्षांपूर्वीचं ट्रॅक्टर त्याच्या हाताखाली पहिल्यांदाच आलं होतं. त्या ट्रॅक्टरवर त्याचा जीव जडला होता. आठ दिवस घासून त्यानं सगळा गंज काढला होता. वरून अस्तर मारलं होतं.

"काका, टूलबॉक्सखाली कंपनीचा रंग सापडला मला. तळहाताएवढा. कोरा करकरीत." ग्यानबानं लाल झाकण पुढं सरकवलं. "मी मिसळून बराबर तोच काढतो. जुन्या गाडीला तिचाच रंग शोभते. तुमी काहून न्हाई म्हणून राहिले?"

प्रेमदास झाकणांकडं बघत राहिला. आत काहीच हललं नाही. अकरा वर्षं असंच होतं. तो जेवत होता, बैल हाकत होता, मधे पुतणीच्या लग्नात वऱ्हाडाला पंगतही वाढली होती. पण सगळं दुसऱ्या कुणाच्या हातांनी केल्यासारखं.

"हिरवा दे," तो म्हणाला. मग म्हणाला, "नको. निळा."

"ठरवून या, काका," ग्यानबा सबुरीनं म्हणाला. "रंग एकदा बसला की बसला."

अकरा वर्षांपूर्वी खळ्यावर प्रेमदास याच ट्रॅक्टरनं तुरीची ट्रॉली मागं घेत होता. मागं तांड्यातल्याच थावराची सात वर्षांची लेक होती. त्याला ती दिसली नाही. माणसं ओरडली, तेव्हा उशीर झाला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला. पोरीच्या बापानंच, थावरानं, सगळ्यांसमोर सांगितलं की याची काही चूक नाही. तांडाही तेच म्हणाला. प्रेमदासला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. त्यानं ट्रॅक्टर बाभळीखाली नेऊन उभं केलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. टायर मातीत रुतले. बोनेटवर वेल चढला. थावराच्या दारावरून जायला नको म्हणून तो रोज ओढ्यातून वळसा घालून शेतावर जायचा. पावसाळ्यात ओढ्याला कमरेएवढं पाणी असलं तरी.

मागच्या दिवाळीत त्याच्या लेकानं, कुलदीपनं, ट्रॅक्टर बाहेर ओढून काढलं आणि इंजिन बांधून घेतलं. तो एवढंच म्हणाला होता, "बापू, चालवीन मी. तुमी फकस्त रंग सांगा. अन् नको म्हणले तर भंगारात देऊन टाकतो."

प्रेमदास नको म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

वारंग्याहून तो जीपनं शिरड शहापूरला उतरला आणि तिथून पायी निघाला. उन्हानं डोकं तापलं होतं, पण ते त्याला तांड्याजवळ आल्यावर कळलं. आता हे ट्रॅक्टर रोज थावराच्या दारावरून जाणार होतं. कुलदीप काही ओढ्यातून जाणार नव्हता. लाल दिसलं की त्या पोरीच्या आईच्या काळजाचं काय होईल, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. निळा चालेल की नाही, हे त्याला कळत नव्हतं. ओढ्याची वाट आली. तो थांबला. मग सरळ पुढं गेला.

थावराची बायको, मिराबाई, अंगणात शिजवलेली हळद पसरत होती. तिनं वर पाहिलं. अकरा वर्षांत त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं तिनं; क्षणभर ओळख पटली नसावी. केस पांढरे झाले होते त्याचे. मग तिनं पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला.

"वहिनी," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "ट्रॅक्टर रंगवून राहिलो. तुमच्या दारावरून जाईल. कोणता रंग देऊ? तुमी म्हणाल तो देतो. अन् देऊ नको म्हणाल तर मोडून टाकतो."

मिराबाई खाली बसली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. ती हळकुंडं एकेक वेगळी करत राहिली.

"रंगाचं मला काय इचारता, भाऊ," ती म्हणाली. "कोणताबी द्या."

प्रेमदासनं मान हलवली. तो वळला. अंगणाच्या कडेपर्यंत गेला असेल नसेल, तोच मागून तिचा आवाज आला.

"लोक ट्रॅक्टरावर लेकराचं नाव टाकतेत न्हाई का? समोर, मोठ्या अक्षरात?"

"व्हय. टाकतेत."

"आमच्या पूजाचं टाका," मिराबाई म्हणाली. "मला तकलीफ होईल म्हणून अकरा सालांत माझ्यापुढं कुणी तिचं नाव घेतलं न्हाई, भाऊ. जाता-येता कुणी वाचलं तर माझ्या कानावर तरी पडंल."