नुसतंच धाड

"धाड." स्पीकर दणाणला आणि कॅन्टीनमधले साठ कामगार एका सुरात ओरडले, "प्रेस!"

"कितव्या नंबरची?" सेफ्टीबाईंनी माइकवर विचारलं. खेळासाठी दोन गट पाडले होते, दिवसपाळी आणि रातपाळी. ग्राइंडर, क्रेन, भोंगा, अगदी मोठ्या साहेबांची शिंकसुद्धा पटापट ओळखून झाली होती. गाडं बरोबरीवर अडलं होतं. हे सगळे आवाज बाईंनी स्वतः कारखानाभर फिरून मोबाइलवर टिपले होते. खेळ रंगला म्हणून स्वारी खुशीत होती.

"चार नंबर," मागून कुणीतरी म्हणालं. "जाळी नाहीये तिला."

तो डावखुरा होता. उजवा पंजा चार नंबरच्या प्रेसखाली पत्र्याबरोबर चपटा झाला, तेव्हापासून लोक त्याला याच नावाने हाक मारत. लोकांना कशाची गंमत वाटेल, सांगता येत नाही. घाईघाईत काम उरकायला, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी त्यानेच काढली, असं फोरमनने चौकशीत छातीठोकपणे सांगितलं होतं. आज डावखुऱ्याचा शेवटचा दिवस. बडतर्फीचा कागद खिशात घालूनच तो कोपऱ्यात बसला होता.

"जाळी नाही हे कशावरून?" बाईंनी विचारलं.

"जाळी खाली आली की आधी खट् होतं, मग धाड. हे नुसतंच धाड आहे."

"घ्या," फोरमन उठला. "जाळी काढल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं."

"मी नाही काढली. मी रजेवरून आलो तेव्हा ती नव्हतीच."

फोरमनने त्याची कॉलर धरली. पहिला ठोसा नाकावर बसला. दुसऱ्याने ओठ फाटला. तोंड झाकायला डावखुऱ्याने सवयीने उजवा हात वर केला. पंजाच नाही तर झाकणार काय? तो खाली कोसळला, तरी फोरमनचे जाड बूट थांबेनात. "मला खोटं पाडतोस?" म्हणत त्याने बरगडीत लाथ घातली. मग पोटात. फरशीवर रक्त पसरलं. साठ माणसं होती, एकाचीही सोडवायला जायची छाती झाली नाही. बाईंना त्या सगळ्यांचा संताप आला, आणि स्वतःचाही.

त्यांनी तोच आवाज पुन्हा लावला. कान देऊन ऐकला. आधी खट् नव्हतंच. मग त्यांची नजर मोबाइलवरच्या तारखेवर गेली. आवाज टिपला तेव्हा प्रेससमोर कोण उभं होतं, ते त्यांना स्वच्छ आठवलं.

बाईंनी माइक तोंडाशी धरला.

"हा आवाज अपघाताच्या आदल्या दिवशीचा आहे," त्या म्हणाल्या. "हे तेव्हा रजेवर होते. चार नंबर तुम्ही चालवत होता, फोरमनसाहेब."