दीड तासाची गाडी

बायको गेल्यापासून काका दर रविवारी चार्जिंग स्टेशनवर येत. शेजारी गाडी लावलेल्या बाई हसल्या. "काका, माझी वीस मिनिटांत होते. तुमची दीड तास खाते. बदला की हा खटारा!"

"घाई कुणाला आहे?" म्हणत काकांनी त्यांच्या बॅटरीची चौकशी सुरू केली.

तेवढ्यात ओळखीचा वायरमन आला. "काका, तुम्ही इथं? घरी मी बसवलेला चार्जर बिघडला का?"

काका ओशाळले. "नाही रे, झकास चालतो. पण घरी गाडी लावली की बोलायला कुणी नसतं."

बाईंची गाडी भरली होती. त्यांनी ती काढून बाजूला लावली आणि परत येऊन विचारलं, "थंडीत तुमची किती किलोमीटर जाते हो?"