निकाली कुस्ती

मंगळवार पेठेतल्या तालमीनं भिंतीवर लढणारे दोन पैलवान मागितले होते. चित्रकार शिवांजलीनं एका टोकावर तोललेला काळा त्रिकोण तांबड्या वर्तुळाच्या पोटात घुसवला. माणूस वगळला तरी त्याचा जोर चित्रात उरतो, हे ती शतकापूर्वीच्या आधुनिक चित्रकारांकडून शिकली होती. सकाळी वस्ताद भिंत पुन्हा पांढरी करायला चुन्याची बादली घेऊनच आले. “पोरी, पैलवान कुठं हायत?” “बघा की,” म्हणत तिनं कडेची शेवटची चिकटपट्टी ओढली. मागं जमलेले पैलवान हसले. मग एकजण पुटपुटला, “तांबडा पडतोय.” “कसला पडतोय? काळ्याचा एकच पाय टेकलाय बघ.” “पण कब्जा काळ्याचाच हाय की.” आवाज चढले, दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. वस्तादांनी चुना गटारीत ओतला, बादली पालथी घालून भिंतीसमोर ठाण मांडलं आणि दरडावलं, “गप बसा. कुस्ती निकाली झाल्याबिगर भिंतीला कुणी हात लावायचा न्हाय.”