जेवढं दिसतं तेवढंच

चार वाजून पाच मिनिटांनी धाकटीने वहीत पहिली नोंद केली : ‘आई. सुईत दोरा ओवते आहे. चौथी खेप.’

मानसशास्त्राच्या वर्गातला हा पहिलाच गृहपाठ होता. घरातलं एक माणूस निवडायचं, तासभर त्याच्यासमोर बसायचं आणि डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल तेवढंच लिहायचं. “रागावली, दमली, खूश झाली, हे शब्द मला वहीत नकोत,” बाईंनी बजावलं होतं. “मनातलं ओळखायची घाई झाली की बघणं सुटतं.”

धाकटीने आईला निवडलं, कारण आई जागची फारशी हलत नसे. बाहेरच्या खोलीतच बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. ते मोठ्या टेबलाशी उभे राहून कापड बेतायचे आणि आई खिडकीखालच्या स्टुलावर बसून काजं करायची, बटणं लावायची. बत्तीस वर्षं हेच चाललं होतं.

“माझ्याकडेच शिकायचं होतंस की, प्रोफेसर,” बाबा खडूने रेघ ओढत म्हणाले. “हिने तोंड उघडायच्या आत हिच्या मनातलं मला कळतं. तुमच्या पुस्तकात आहे का असं काही?”

आई हसली. धाकटीने लिहिलं : ‘ओठ ताणले. दात दिसले नाहीत.’

दोरा सातव्या खेपेला ओवला गेला.

“मला वाटतं, उद्या…” आई म्हणाली.

“उद्या अस्तर आणायचंय. आहे माझ्या लक्षात.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “हा डोळा ना…”

“चुरचुरतोय? दिवा लाव. आणि घोटभर चहा टाक, तरतरी येईल. मलाही चालेल.”

आई उठली. आत जाताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला. चहा घेऊन आली तेव्हा कप ठेवायच्या आधी तिने टेबलाची कड बोटांनी चाचपली. धाकटीने तेही टिपलं.

साडेचारला इस्पितळातले हेडक्लार्क पँट घालून बघायला आले. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं.

“भाऊसाहेब, तुमच्या इस्पितळात कोणी…”

“नोकरीला घेतील का, हेच ना?” बाबा म्हणाले. “धाकटीसाठी केव्हाची घोकतेय. अगं, तिला आधी शिकू तरी दे.”

हेडक्लार्क आरशात वळून कंबर बघत होते. “नशीबवान आहात, वहिनी. आमच्या घरी घसा कोरडा केला तरी कुणाच्या कानावर जात नाही.”

आई हसली. ओठ ताणले. दात दिसले नाहीत.

पाच वाजले. धाकटीने वही पहिल्यापासून वाचून काढली. आईने तासाभरात नऊ वाक्यं सुरू केली होती. प्रत्येकापुढे तीन टिंबं होती, आणि टिंबांपुढे बाबांचं बोलणं. जन्मापासून धाकटी हे ऐकत आली होती. शिवणयंत्राच्या घरघरीसारखं ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. कागदावर मात्र ते वाचवेना. खोलीचं दार सताड उघडं होतं, खिडकी उघडी होती, तरी तिला कोंडून घातल्यासारखं झालं.

“काय निघालं मग, प्रोफेसर?” बाबांनी विचारलं.

“आई नऊ वेळा बोलायला गेली, बाबा. एकदाही तिचं वाक्य पुरं झालं नाही.”

बाबांचा हात कापडावरच राहिला. ते कधी कुणावर आवाज चढवणारे नव्हते, आताही त्यांनी चढवला नाही.

“असं कसं? मी कधी अडवलंय हिला?” त्यांनी कात्री खाली ठेवली. “बोल गं. आता मी चकार शब्द काढत नाही.” आणि खरंच ते हाताची घडी घालून उभे राहिले.

आईने सुई कापडात खोचली.

“मला…” ती म्हणाली आणि थांबली. एरवी जिथे बाबांचा आवाज यायचा, नेमकी तिथेच.

“मला…” ती पुन्हा म्हणाली. धाकटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“तुम्हीच सांगा ना,” ती म्हणाली.

बाबांनी धाकटीपुढे हात केला. “आण बघू ती वही.”

ते उभ्यानेच वाचू लागले. बोट ओळीवरून पुढे सरकत होतं आणि त्यांचे ओठ हलत होते. एकदा सगळं वाचून झालं. दुसऱ्यांदा त्यांनी फक्त आईची अर्धी वाक्यं वाचली, आपली सोडून दिली. एका ओळीवर बोट बराच वेळ अडून राहिलं.

“कोणता डोळा?” त्यांनी विचारलं.

आईने उजवा डोळा तळहाताने झाकला. डावा उघडाच होता, सरळ त्यांच्याकडे लागलेला.

“तुम्ही तिथेच आहात ना?” तिने विचारलं.