घाई आणि सबुरी

“आज चिरंजीव तापलेत. जपून जा,” संचालकांच्या दालनाबाहेर बसणाऱ्या सचिवबाई हळूच म्हणाल्या.

जावई हसला नाही. ‘चिरंजीव’ हे संचालकांचं टोपणनाव साऱ्या संस्थेच्या तोंडी होतं. माणसाचं म्हातारपण लांबवण्याच्या संशोधनात जन्म घालवलेले त्याचे सासरे अठ्ठ्याहत्तरीतही दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढत आणि निवृत्तीचं नाव काढत नसत.

तो आत गेला. सासरे बारीक अक्षरांचा एक शोधनिबंध चष्म्याविना वाचत होते. तेसुद्धा त्याला मुद्दाम केलेल्या आगळिकीसारखं वाटलं.

“एकच कुपी, सर.”

“नाही.”

“तुमच्या मुलीचा मुलगा आहे तो. बावीस वर्षांचा आहे आणि या अकाली म्हातारपणाने केस पांढरे झालेत. काल जिना चढताना कठड्याला मिठी मारून उभा राहिला. मी वर येईपर्यंत तसाच.”

“घरी मला ‘बाबा’ म्हणता, इथे ‘सर’. मागणं मात्र घरचंच. काय ते एकदा ठरवा, जावईबापू.”

“मग घरचं म्हणूनच मागतो.”

“मग तर नाहीच. नात्यातल्या माणसाला औषध टोचलं की उद्या या दाराला टाळं लागेल. नियम मी केलाय. तो मीच मोडू?”

“म्हणजे त्याला मरू द्यायचं?”

सासऱ्यांनी निबंधाचं पान उलटलं. “काठी वापरा म्हणावं चिरंजीवांना. लाज कसली त्यात? आणि जाताना दार ओढून घ्या.”

त्याने दार ओढलं, जरा जोरातच.

संस्थेत दोन द्रव होते, दोन्ही पाण्यासारखे नितळ. निबंधांतून त्यांना लांबलचक नावं होती. बोलण्यात एक घाई आणि दुसरी सबुरी. घाई टोचली की कोवळा उंदीर बघता बघता पिकत असे. अंगावरची लव विटायची, डोळ्यांत दूध साचायचं, मागचे पाय फरफटू लागायचे. सबुरी काळाचा लगाम मागे खेचून धरायची. जावई घाईच्या विभागाचा प्रमुख होता. घाई एकदा रक्तात उतरली की मागून दिलेली सबुरी मातीत जाते, हे त्यानेच सिद्ध केलं होतं. त्या कामाला सासऱ्यांनी भर सभेत ‘अपयशाचं सुरेख संशोधन’ म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. त्या टाळ्या अजून त्याच्या कानांत वाजत होत्या.

दुपारी खालच्या सभागृहात पाहुणे आले. सासरे त्यांना सामोरे गेले. दालन उघडं होतं, सचिवबाई जागेवर नव्हत्या, आणि आतल्या खाजगी शीतकपाटाला किल्ली लटकत होती. त्या किल्लीला एरवी सासऱ्यांचा खिसा सुटत नसे.

त्याने कपाट उघडलं. गार वाफ चेहऱ्यावर आली. आत एकच कुपी होती, सबुरीची. तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर सासऱ्यांच्या ठसठशीत अक्षरात एक शब्द होता: चिरंजीव.

तो मोठ्याने हसला. म्हणजे टोपणनाव म्हाताऱ्याच्या कानांवर गेलं होतं तर. नुसतं गेलं नव्हतं, आवडलंही होतं. जगाला नियम, आणि स्वतःला कुपी! नातू कठड्याला धरून उभा, आणि हा पायऱ्या ओलांडत अमरत्वाकडे निघालेला.

त्याने कुपी आपल्या प्रयोगशाळेत नेली. सुईने सबुरी काढली आणि दुसऱ्या नळीत भरून घेतली. रिकामी कुपी परत ठेवता येणार नव्हती. डाव्या हाताशी मिठाच्या पाण्याची बाटली होती. तेवढ्याने चोरी सहज झाकली गेली असती. उजव्या हाताशी घाई होती. तो क्षणभर दोन्हींकडे पाहत राहिला. दोन्हींच्या काचेत त्याचाच चेहरा होता.

त्याने उजवा हात पुढे केला.

“पिका आता,” तो पुटपुटला, “एकदाचे.”

कुपी जागेवर गेली. किल्ली तशीच लटकत राहिली.

उरलेला दिवस त्याने उंदरांच्या पिंजऱ्यांमधून येरझारा घालत काढला. संध्याकाळी तो घरी निघाला तेव्हा नळी बर्फाच्या डब्यात होती आणि डबा छातीशी. किती तरी वर्षांनी रस्त्यातल्या प्रत्येक माणसाविषयी त्याला माया वाटत होती.

बायकोने दार उघडलं. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

“हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”

“काय झालं?”

“बाबा येऊन गेले.”

त्याने डबा आणखी घट्ट धरला. “काय म्हणाले? माझ्याविषयी काही?”

“म्हणाले, तुझ्या नवऱ्याला सकाळी फार टाकून बोललो. मुद्दाम बोललो. उद्या चौकशी झाली तर त्याला यातलं काही खरोखरच माहीत नसावं.”

“कशातलं?”

“अरे, नियम मोडला बाबांनी! स्वतःच्या हाताने दंडात टोचलं त्याच्या. बाबांनी, विश्वास बसतो का? उद्या राजीनामा देणार आहेत. मी म्हटलं, बसा, यांना येऊ दे. तर म्हणाले, जावईबापूंना तोंड दाखवायला जरा दिवस जाऊ देत.”

त्याच्या हातातला डबा खाली गेला. बर्फ फरशीवर पसरला.

“काय रे हे! जागा होईल तो.” ती खाली वाकली, बर्फ गोळा करता करता पुन्हा हसली आणि तिने पदराला बांधून ठेवलेली रिकामी कुपी सोडून त्याच्यासमोर धरली. “बाबांचं आपलं काहीतरीच. कुपीवरसुद्धा नातवाचं नाव नाही घातलं, बघ. जन्मल्यापासून हाक मारतात तेच लिहिलंय.”